वाटेवरची सोबतीण

(मंडळाच्या वर्धापनदिनी सुपे येथे केलेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवसाला दरवर्षी बाहेरचा पाहुणा आणण्यापेक्षा यंदा घरातल्याच कोणीतरी बोलावे असे ठरले, आणि ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची मला सवय नाही. चूल, गोठा आणि शेत यांतून वेळ मिळेल तशी चार दिवस मनाशी जुळवाजुळव केली आणि ती कागदावर उतरवून आणली आहे. तीच वाचून दाखवते. कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

कार्यवाहबाईंनी मला विषय दिला तो 'मैत्रीचे प्रकार' हा. प्रकार पुष्कळ आहेत, पण मी त्यांतल्या एकाच प्रकारावर जास्त बोलणार आहे. प्रवासात, वाटेवर, घटकाभरासाठी जडते आणि गाव आले की सुटते, ती मैत्री. हाच प्रकार का निवडला ते बोलता बोलता आपल्या ध्यानात येईल.

कीर्तनात आपण यक्षप्रश्नाची गोष्ट पुष्कळदा ऐकली आहे. तळ्यावर पाण्याला गेलेले चार पांडव एकामागून एक पडले आणि मग धर्मराजाला यक्षाने प्रश्न घातले. त्यांत एक प्रश्न मित्रांविषयी आहे. प्रवासाला निघालेल्याचा मित्र कोण? घरी राहणाऱ्याचा कोण? आजाऱ्याचा कोण? आणि मरणाच्या दारात उभा आहे त्याचा कोण? धर्मराजाने सांगितले की प्रवाशाचा मित्र म्हणजे त्याच्या संगतीने चालणारा तांडा, घरी राहणाऱ्याचा मित्र त्याची बायको, आजाऱ्याचा मित्र वैद्य, आणि मरणाऱ्याचा मित्र म्हणजे त्याने केलेले दान. यक्षाला उत्तर पटले. मला मात्र ही गोष्ट ऐकताना नेहमी वाटते, की घरी राहणाऱ्या पुरुषाची मैत्रीण त्याची बायको हे ठीकच झाले. पण घरी राहणाऱ्या त्या बायकोची मैत्रीण कोण, एवढे विचारायचे यक्षाकडून राहून गेले. त्या राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर आपले आपणच शोधायचे आहे.

पुरुषांची मैत्री एका गावात मुरते. ज्याच्याबरोबर लहानपणी विटीदांडू खेळला, त्याच्याच शेजारी म्हातारपणी पारावर बसता येते. बायकांचे तसे होत नाही. माझे माहेर इंदापूर तालुक्यातले निमगाव केतकी. पानमळ्यांचे गाव. आम्ही चौघी मैत्रिणी एका बाकावर बसून शिकलो, एकाच मळ्यात पाने खुडायला गेलो. एकमेकींच्या लग्नात करवल्या म्हणून मिरवलो. मग एक अकलूजकडे गेली, एक करमाळ्याला, एक पुण्याला आणि मी इथे सुप्याला. त्यानंतर एकमेकींच्या बाळंतपणाची बातमीसुद्धा तिसरीकडून कळायची. भांडण नाही, रुसवा नाही, तरी मैत्री तुटली. इथे बसलेल्या प्रत्येकीची हीच हकीगत आहे, फक्त गावांची नावे वेगळी. आता मोबाईल आल्यापासून आम्ही चौघी पुन्हा सापडलो, रोज सकाळी एकमेकींना फुले पाठवतो, त्यात आनंदही आहे. पण मधली वीस वर्षे काही भरून येत नाहीत.

सासरी आल्यावर पहिली मैत्री होते ती शेजारणीची. विरजणाला दही, अडचणीला साखर, आणि मूल रडले तर घटकाभर कडेवर घेणारे हात, हे सगळे शेजारणीकडूनच मिळते. जात्यावरच्या ओव्यांत तिला 'शेजी' म्हटले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन पुणे जिल्ह्यात आणि बाहेर गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांत आईबाप, भाऊ आणि लेक जशी येतात तशीच ही शेजीही येते. तरी शेजारणीशी बोलताना आपण थोडे हात राखून बोलतो, हे कबूल केले पाहिजे. आज ओट्यावर सांगितलेले उद्या पाण्याच्या नळावर ऐकू येते. जावेची मैत्रीही मोठी असते, पण तिच्यात वाटणी आडवी येते. सावडीतली मैत्री आपल्या जिरायत भागात घरोघर आहे. आज मी तुझी बाजरी खुरपते, उद्या तू माझा कांदा काढू लाग. त्या मैत्रीला मनातल्या मनात हिशेब असतो आणि तो असायलाच हवा, नाहीतर काम उरकणार नाही.

या सगळ्या मैत्री चांगल्या. पण प्रत्येकीला काहीतरी बांधलेले आहे. कुठे भिंत, कुठे वाटा, कुठे पाळी. वाटेवरच्या मैत्रीला यांतले काहीच बांधलेले नसते.

माझ्या माहेरी तुकाराम महाराजांची पालखी मुक्कामाला येते. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली हा पालखी सोहळा सुरू केला असे सांगतात. उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव, इंदापूर, सराटी असे करत ती आपल्या दोन्ही तालुक्यांतून जाते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते आणि बेलवाडीला पहिले गोल रिंगण होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. मी सहा वर्षांची असताना परभणीकडच्या एका दिंडीतली एक म्हातारी आमच्या ओसरीवर मुक्कामाला उतरली. आईने पाणी तापवून दिले आणि मी तिच्या पायांना तेल चोळले. सकाळी जाताना तिने पडशीतून मूठभर तीळ काढून माझ्या परकराच्या ओच्यात टाकले. तिच्या शेतातले तीळ. आईने तिला मळ्यातली पाने दिली. पुढच्या वर्षी ती पुन्हा आमच्याच ओसरीवर आली. अशी ती नऊ वर्षे आली. वर्षातून एक रात्र, म्हणजे सगळ्या मिळून नऊ रात्री. तेवढ्या ओळखीवर माझी आई तिच्याशी दिवा मालवल्यावर जे बोलायची, ते माझ्या मामीशीही बोलत नसे. आईने तिला कधी पत्र घातले नाही, तिनेही नाही. दहाव्या वर्षी ती आली नाही. दिंडीतली दुसरी एक बाई आमचे घर विचारत आली आणि तिने माझ्या हातात फडक्यात बांधलेले तीळ ठेवले. म्हातारी चैत्रात गेली होती. जाण्याआधी तिने सांगून ठेवले होते, "निमगावच्या पोरीला तेवढे द्या."

वारीत सगळे एकमेकांना 'माउली' म्हणतात. लहान मोठ्याच्या पाया पडतो आणि मोठाही लहानाच्या पडतो. दिंडीची भिशी भरली की पंगतीत जागा मिळते, कुणाच्या घरची म्हणून मिळत नाही. पण इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. इरावतीबाई कर्वे यांनी वारीत पायी चालून 'वाटचाल' नावाचा लेख लिहिला आहे. तो त्यांच्या १९४९ सालच्या 'परिपूर्ती' या पुस्तकात आहे. आपल्या वाचनालयात पुस्तक मिळाले तर जरूर वाचावे. त्यांनी जे पाहिले ते असे, की एकाच दिंडीत एकच अभंग म्हणत चालणाऱ्या बायका जेवायला मात्र जातीजातीने वेगळ्या बसत. त्या सर्वांशी इरावतीबाईंची मैत्री झाली, पण त्यांची आपापसांत होईना, आणि त्याचे त्यांना फार दुःख झाले. तेव्हापासून सत्तरपंचाहत्तर वर्षे लोटली. पुष्कळ बदलले आहे. तरी त्यांनी दाखवलेली अडचण आजही आपल्या उंबरठ्यावर बसलेली आहे. वाटेवर झालेली ओळख घरापर्यंत पोचते का, हा तो प्रश्न. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आमच्या सासूबाई १९७२ च्या दुष्काळातली गोष्ट सांगतात. तेव्हा त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. विहिरी आटल्या, जनावरे विकली, आणि घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या बायकाही खडी फोडायला आणि पाझर तलावावर माती वाहायला गेल्या. तिथे पाटी उचलू लागायला जोडीण लागते. त्यांना जी जोडीण मिळाली ती दुसऱ्या गावची आणि दुसऱ्या समाजाची. गावात असत्या तर दोघी एकमेकींच्या ओट्यावर चढल्या नसत्या. कामावर त्या एका डब्यातून सुकडी खात आणि एका गाडग्यातले पाणी पीत. सासूबाईंना दिवस गेले होते आणि ते त्यांनी लाजेने कुणाला सांगितले नव्हते. जोडीणीने न सांगता ओळखले. दुसऱ्या दिवसापासून ती सासूबाईंची पाटी अर्धी भरायची आणि आपली शिगोशीग. मुकादमाला दोन्ही पाट्या मोजताना सारख्याच. पाऊस पडला, काम बंद झाले आणि दोघी आपापल्या गावी गेल्या. पुन्हा भेट नाही. माझे यजमान हे त्या अर्ध्या पाटीमुळे जगात आले, असे सासूबाई अजून म्हणतात.

आता एस.टी.चे पाहा. आपल्या राज्यातली पहिली एस.टी. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली. तेव्हापासून बायका एस.टी.ने फिरतच होत्या, पण बहुधा कुणाच्या तरी मागोमाग. १७ मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धे तिकीट झाले आणि चित्र बदलले. आता बाई एकटी माहेरी जाते, एकटी दवाखान्यात जाते, एकटी लेकीला भेटून संध्याकाळी परत येते. शेजारी बसणारीही तशीच एकटी असते. "कुठं निघालात?" इथून सुरुवात होते. मग शेंगा निघतात, मग पोरांची लग्ने निघतात, आणि मग जे घरात कुणाला सांगितलेले नाही तेही निघते.

एकदा बारामतीहून येताना माझ्याशेजारी माझ्याच वयाची एक बाई बसली होती. अर्धी वाट झाल्यावर तिने मला हळूच सांगितले की छातीत गाठ आहे, सहा महिने झाले, घरात सांगितलेले नाही. मी म्हटले, का हो? ती म्हणाली, "लेकीचं लगीन जमतंय. आत्ता सांगितलं तर सगळं माझ्याभवती फिरंल. होऊ द्या लगीन." मी तिला म्हटले, "लग्नाला पैसे लागतात, ते कुणीही उभे करील. लेकीच्या बाळंतपणाला आई लागते, ती कुठून आणायची?" ती गप्प बसली. उतरताना खिडकीपाशी येऊन म्हणाली, "उद्याच जाते." ती गेली की नाही हे मला कळायला मार्ग नाही. पण तिने ते बोलून दाखवले एवढे मला माहीत आहे, आणि ते तिने मलाच का सांगितले हेही समजते. मी तिच्या गावची नव्हते. माझ्या तोंडून ते तिच्या व्याह्यांकडे जाणार नव्हते. ज्या गोष्टी शेजारणीला सांगायची भीती वाटते त्या वाटेवरच्या सोबतणीला सांगता येतात. हे या मैत्रीचे मोठे काम आहे.

क्वचित अशी ओळख वाटेवर न सुटता जन्मभराची होते. डॉ. आनंदीबाई जोशी आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहेत. त्यांना अमेरिकेला नेणारी ओळख कशी झाली ते ऐका. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मिळावी म्हणून लिहिलेले पत्र तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापले गेले होते. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. वेळ जाईना म्हणून त्यांनी समोरचे मासिक उचलले आणि त्यात ते पत्र त्यांच्या नजरेस पडले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र घातले. दोघींचा पत्रव्यवहार जमला आणि आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघालेल्या आनंदीबाई जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांना उतरवून घ्यायला ह्याच मावशी आल्या होत्या. धर्म वेगळा, भाषा वेगळी, वयातही बरेच अंतर. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा समुद्रापार मावशींकडे पाठवली गेली आणि मावशींनी ती पोकीप्सी येथे आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवली. दवाखान्यात वाट पाहताना सुरू झालेली ओळख अशी शेवटपर्यंत पोचली.

एवढे सांगितल्यावर कोणी म्हणेल, की बाई, परक्यावर असा भरवसा टाकायला सांगू नका. बरोबर आहे. आपल्यातल्याच एका भगिनीची बोरमाळ स्टँडवर अशाच गोड बोलण्यात गेली. म्हणून प्रवासात गाठोडे आणि मूल नजरेआड करू नये, अंगावरच्या डागांची चर्चा करू नये, आणि आजच्या दिवसात आणखी एक, मोबाईलवर आलेला आकडा कुणालाही वाचून दाखवू नये. माझी स्वतःची एक खूण आहे. भामटी बाई आपल्या पिशवीची चौकशी करते, सोबतीण आपल्या दुखण्याची चौकशी करते. ही खूण ध्यानात ठेवली तर फसायची वेळ कमी येते. पण बोरमाळ गेली म्हणून बोलणेच बंद केले, तर चोरीत आपले आणखी काहीतरी जाते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला ती सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांचे पोटाचे मोठे ऑपरेशन पुण्याच्या एका दवाखान्यात झाले. मी अकरा दिवस तिथल्या व्हरांड्यात काढले. यजमान दिवसाआड गावाकडे जात, कारण घरी जनावरे होती. पहिल्या रात्री मला काहीच उमगत नव्हते. तेव्हा मंगळवेढ्याकडची एक बाई आपणहून जवळ आली. तिचा नवरा आत होता. गरम पाणी कुठे मिळते, पावती कोणत्या खिडकीवर फाडायची, कोणत्या कोपऱ्यात वारा लागत नाही, हे तिने मला दाखवले. तेव्हापासून आम्ही एका सतरंजीवर झोपलो. झोपलो म्हणजे पाळीने. ती जागी असली की तिचे लक्ष दोन्ही खाटांवर, मी जागी असले की माझे. माझी भाकरी आली की ती दोघींची, तिच्याकडून ज्वारीच्या कण्या आल्या की त्या दोघींच्या. मी तिला ताई म्हणे, ती मला बाई म्हणे. तिची जात मी विचारली नाही, तिने माझी विचारली नाही. आठ दिवसांत आठवणच झाली नाही.

नवव्या दिवशी पहाटे तिचा नवरा गेला. मी तिचा हात धरून बसले होते. दहाच्या सुमारास तिच्या गावाकडून माणसे आली. त्यांत बायकाही होत्या. त्यांनी त्याच व्हरांड्यात, भिंतीशी, तिच्या बांगड्या फोडल्या आणि पदराने तिचे कपाळ पुसले. त्या बायकांना मी दोष देत नाही. त्यांनाही तसेच शिकवलेले होते. पण मी बघत होते. पहाटेपर्यंत दोन खाटा सांभाळणारी ही बाई दहा वाजता दुसरीच कुणीतरी झाली. कालपर्यंत जिच्या हातची कणी गोड लागत होती, तिने उद्यापासून कुणाच्या शुभकार्यात पुढे येऊ नये असे ठरले. तिला गाडीत बसवताना ती एकदम थांबली, परत आली, आणि तिची बादली, चटई आणि तांब्या माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "बाई, तुमचं अजून दोन दिस हाईत. तुम्हाला लागंल." आणि गेली.

भगिनींनो, ती बादली आमच्या घरी अजून आहे. पण बादली ठेवून ऋण फिटत नाही. वाटेवरच्या सोबतणीचे देणे तिला परत करता येत नाही, कारण ती पुन्हा भेटत नाही. ते दुसऱ्या कुणाला तरी द्यावे लागते. कुणाला, याचा मी पुष्कळ विचार केला, आणि मला उत्तर आपल्या गल्लीतच मिळाले. तिच्यासारख्या बायका आपल्या गावात आहेत. त्यांतल्या काही आपल्या शाळेतल्या मुलांच्या आया आहेत, काही आपल्या बचत गटात आहेत. त्या वर्गणी वेळेवर भरतात, सहलीला डबा आणतात, मंडळाच्या कार्यक्रमात सतरंज्या घालतात. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरी राहतात, किंवा आल्याच तर मागे, भिंतीशी बसतात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे ह्या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. ही आपल्याच महाराष्ट्रातली, आपल्यासारख्याच गावातली गोष्ट आहे. ग्रामपंचायतीचा ठराव पुरुष आणि बायका मिळून करतील तेव्हा करतील. पण हळदीकुंकू हे आपल्या हातातले आहे. त्याचे बोलावणे आपण धाडतो, ताट आपण सजवतो, बोट कुंकवात आपण बुडवतो. तिथे कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणून माझी मंडळापुढे अशी विनंती आहे, की येत्या संक्रांतीपासून मंडळाच्या हळदीकुंकवाचे बोलावणे घरातल्या प्रत्येक बाईला जावे, आणि जी येईल तिला वाण मिळावे. ज्यांना कुंकू लावून घ्यायचे असेल त्यांना लावावे, ज्यांना नको असेल त्यांना तिळगूळ द्यावा. जबरदस्ती कुणावर नको. पण भिंतीशी कुणी बसू नये. वडीलधाऱ्या बायकांना हे एकदम रुचणार नाही, हे मला ठाऊक आहे. घरी मी सासूबाईंना विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या जोडीणीचा नवरा असंल का गेला असंल, कुणाला ठाऊक. पण ती दारात आली, तर मी काय तिला मागं बसवीन व्हय?" ज्यांना शंका आहे त्यांनी आपापल्या आयुष्यातली एक तरी वाटेवरची सोबतीण आठवावी आणि हाच प्रश्न स्वतःला विचारावा.

आणखी दोन लहान गोष्टी सांगून थांबते. पहिली गोष्ट नव्या सुनांची. लग्न होऊन गावात आलेल्या मुलीची जुनी मैत्री नुकतीच तुटलेली असते. ती येऊन महिना होण्याच्या आत मंडळातल्या कुणीतरी तिच्या सासूला विचारून तिला इथे घेऊन यावे. दुसरी गोष्ट आपल्या रस्त्याची. आपले सुपे हे वाटेवरचे गाव आहे. मोरगावचे दर्शन घेऊन चौफुल्याकडे जाणारे अष्टविनायकाचे यात्रेकरू इथूनच जातात. ऊसतोडीच्या बायकाही बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून पोरेबाळे घेऊन दरसाल आपल्या तालुक्यांत येतात आणि पट्टा पडेपर्यंत कोपीत राहतात. त्यांतल्या कुणी दारात पाणी मागितले तर तांब्या देताना एवढेच विचारावे, "बाई, गाव कोणतं तुमचं?" यात खर्च काही नाही. तिच्या दिवसभरात तिला दुसऱ्या कुणी हे विचारलेले नसते.

यक्षाने न विचारलेला प्रश्न मी सुरुवातीला सांगितला. घरी राहणाऱ्या बाईची मैत्रीण कोण? माझे उत्तर असे आहे, की जी बाई तिला तिची जात, तिचे कपाळ आणि तिचा सासरचा मान न विचारता आपल्या सतरंजीवर जागा देते, ती. अशा मैत्रिणी आजवर आपल्याला वाटेवर भेटल्या. त्या गावात, ह्याच सभागृहात भेटाव्यात, एवढ्यासाठी हे मंडळ आहे असे मी समजते.

 माझी विनंती कार्यवाहबाईंनी पुढच्या बैठकीत मांडावी, असे सांगून मी आपली रजा घेते.